पारोळ्याच्या टॉवरखाली आठ मुऱ्हाळी

आता हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. पण सावद्यात ही गोष्ट माझ्याआधीच तिघांनी तीन प्रकारे सांगून झाली आहे, आणि तिन्हींत मी आहे त्यापेक्षा जास्त मूर्ख दिसते. तेव्हा म्हटलं, आपणच सांगू. निदान आहे तेवढीच मूर्ख दिसेन.

मी फारशी बोलत नाही. लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही. सून शांत आहे हो, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. आधी कौतुकाने सांगायच्या, अलीकडे जरा काळजीने सांगतात.

नोकरी मात्र माझी लोकांना 'नाही' म्हणण्याची आहे. ऑफिस पुण्यात, मी सावद्याच्या माडीवर, मध्ये लॅपटॉप. मोबाइलच्या एकाच नेटवर्कचे आम्ही भाग पाडतो. एक भाग ॲम्ब्युलन्सचा, एक कारखान्यातल्या यंत्रांचा, एक रील्स बघणाऱ्या जनतेचा. एका भागात गर्दी झाली तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. या भागाला ऑफिसात स्लाइस म्हणतात. कोणत्या स्लाइसमध्ये कोणाला घ्यायचं, किती जणांना घ्यायचं, आणि माणूस गाडीतून एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेला की त्याला या हातातून त्या हातात कसं द्यायचं, याचे नियम मी लिहिते. म्हणजे बघा, हजारो लोकांना मी न पाहता, न कळवता, अगदी शांतपणे बाहेर ठेवते. आणि घरी वरणात मीठ कमी आहे हे मला अजून सांगता आलेलं नाही.

तर गेल्या चैत्रात आमच्या साहेबांना एक नवीन स्लाइस करून बघायची हुक्की आली. खास ग्राहकांसाठी, आवाज स्वच्छ, अडथळा नाही. चाचणीसाठी तीस ग्राहकांची यादी करा आणि एखादा लांबचा रस्ता निवडा, असं त्यांनी मला सांगितलं. मी खूप अभ्यास करून, नकाशे तपासून, पूर्ण तटस्थपणे रस्ता निवडला: सावदा, जळगाव, पारोळा, धुळे, दोंडाईचा. सासर ते माहेर.

नियमही मीच लिहिले. एका टॉवरखाली या स्लाइसमध्ये एका वेळी दहाच जण. त्यातल्या आठ जागा कोणालाही. उरलेल्या दोन राखीव, जो बोलत बोलत शेजारच्या टॉवरवरून येतोय त्याच्यासाठी, म्हणजे त्याचा फोन मध्येच तुटू नये. आणि यादीतल्या माणसाला चाचणीच्या वेळात, नऊ ते सहा, साधं नेटवर्क मिळणार नाही. जागा नसेल तर बाहेर थांबायचं. नाही तर आमची मोजणी बिघडते ना! साहेब म्हणाले, दहा कमी नाही का होत? मी त्यांना समजावलं की तीस माणसं शंभर मैलांवर पसरलेली, ती सगळी एका टॉवरखाली कशाला जमतील? लग्न आहे का?

हे वाक्य लक्षात ठेवू नका. मी विसरायचा प्रयत्न करतेय.

आमचे सासरे, गावासाठी आबा आणि घरासाठीही आबाच, केळीच्या व्यापारात आहेत. दिल्लीचा व्यापारी भाव सांगत असतो आणि नेमका बागेत फोन तुटतो. आबा मग केळीच्या पानांत हात वर करून, एका पायावर, जणू नवस बोलल्यासारखे उभे. मला ते बघवेना. शिवाय, खरं सांगायचं तर, घरात आपलं थोडं वजन वाढावं असं कोणत्या नव्या सुनेला वाटत नाही? एका रात्री जेवताना मी हळूच म्हटलं, आबा, तुमचा नंबर मी चाचणीत घालू का?

दुसऱ्या दिवसापासून आबांचा फोन बागेत, वजनकाट्यावर, गुदामात, कुठेही खणखणीत. आबांना मी स्लाइस समजावून सांगितली. त्यांनी ती लगेच घडावर बसवली. "घड एकच, पण फण्या येगयेगळ्या. माह्या सुनेनं मले चांगल्या फणीत टाकलं," असं ते बाजारात सांगत सुटले.

मग काय, ज्यांना आजवर फोनचा काही त्रास नव्हता त्यांनाही तो सुरू झाला. आबांचे दोन भाऊ आले. वजनकाट्यावाले आले. फैजपूरहून मावशी, म्हणजे सासूबाईंची बहीण, खास रिक्षा करून आल्या आणि म्हणाल्या, "मी काय परकी आहे का गं? मलेही टाक ना त्या फणीत." मी म्हटलं, बघते. आता 'बघते' म्हणजे माझ्या ऑफिसात नकार. सावद्यात तो होकार निघाला. जाताना त्या माझ्या तोंडावरून हात फिरवून गेल्या. काय करणार, टाकलं.

इकडची बातमी तिकडे गेलीच. आबांनीच माझ्या वडिलांना, नानांना, दोंडाईच्याला फोन करून आपला आवाज किती स्वच्छ येतोय ते अर्धा तास ऐकवलं. संध्याकाळी नानांचा मला फोन. आवाज दुखावलेला.

"सासराना फोन लागस, बापना नही?"

यावर तुमच्याकडे काही उत्तर असेल तर मला कळवा. नाना आले यादीत. नानांच्या मागे काका, मामा, शेजारचे, गल्लीतले आले. सगळ्यांनी संमतीचे फॉर्म भरून दिले, न वाचता, अगदी प्रेमाने. आठवड्यात तीसची तीस नावं भरली. साहेबांनी शाबासकी दिली. एवढे ग्राहक इतक्या लवकर मिळवलेत कसे, म्हणाले. मी नम्रपणे गप्प बसले. तो माझा गुणच आहे.

आणि मग आली आखाजी.

तुमच्याकडे ती अक्षय्य तृतीया असेल, सोनं घेण्याची. आमच्या खानदेशात ती लेकींची. झाडाझाडाला झोके, गौराईची गाणी, आणि सासरी गेलेली प्रत्येक पोर माहेरी. त्यातून लग्नानंतरची पहिली आखाजी म्हणजे विचारूच नका. मी पाच महिने मनात दिवस मोजत होते. पण पोरीने आपली आपण बस धरून यायचं नाही. माहेराहून माणूस घ्यायला येतो, तो मुऱ्हाळी. सासरचे त्याला जेवू घालतात, टॉवेल-टोपी देतात आणि मग सून त्याच्या हवाली करतात.

आता दोंडाईच्याहून सावद्याला यायचं, उन्हात, आणि तेवढंच परत जायचं. नानांचे गुडघे दुखतात. तेव्हा मी, न बोलणारी मी, सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, दोघांनी अर्धं अर्धं अंतर यावं. पारोळा अगदी मधोमध आहे. बायपासला हॉटेल आहे, तिथे भेटायचं.

सून बोलली याचाच धक्का इतका होता की ती काय बोलली याकडे कोणी बघितलं नाही. ठरलं.

आबांनी फक्त एक अट सांगितली. त्याच दिवशी त्यांची लेक, माझी नणंद, घ्यायला गेलेल्या त्यांच्या एका भावाबरोबर जामनेरहून आखाजीला येणार होती. लेक दारात येईल तेव्हा बाप दारात हवा. म्हणून बारापर्यंत थांबायचं. व्याही आले तर ठीक, नाही आले तर गाडी माघारी. आणि व्याह्यांच्या हातात दिल्याशिवाय सून रस्त्यात सोडायची नाही म्हणजे नाही. मग आखाजी पुढच्या वर्षी.

साहेबांना रजा मागितली तर ते म्हणाले, जातच आहात तर तुमचाही नंबर यादीत असू द्या, फोन चालू ठेवा, चालत्या गाडीतलं आयतं रेकॉर्ड मिळेल. एकतिसावं नाव म्हणून मी मला घातलं.

सकाळी आठला निघालो. माझा नवरा निखिल गाडी चालवायला, शेजारी आबा, मागे मी, आणि माझ्या शेजारी केळीचे वेफर्स, आंब्यांची पाटी आणि सासूबाईंनी दिलेल्या टॉवेल-टोप्यांची पिशवी. आबा जळगावपासून दिल्लीच्या व्यापाऱ्याशी बोलत होते. एरंडोल गेलं, टॉवरमागून टॉवर गेले, आवाज एकदासुद्धा तुटला नाही. मी मागे बसून मनात स्वतःचा सत्कार करत होते. पारोळ्याच्या बायपासला, हॉटेलच्या दारात, आबांनी बोलणं संपवून फोन ठेवला.

साडेदहा वाजले होते. नाना नव्हते.

नानांना फोन लावायला गेले तर फोनवर पट्टी: 'जागा उपलब्ध नाही. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.' हे नम्र वाक्य माझंच. साहेबांनी नुसतं 'नाकारले' असं लिहिलं होतं, मीच म्हटलं होतं की ग्राहकाला बरं वाटलं पाहिजे. तुम्हाला खरं सांगते, अजिबात बरं वाटत नाही.

निखिलचा फोन बघितला, तोही यादीतलाच, तेच. आबांनी लावून बघितला, त्यांचाही तेच. आत्ता तर चालू होता, म्हणाले.

हॉटेलवाला गल्ल्यावर बसून आपल्या साध्या फोनवर साल्याशी मनसोक्त बोलत होता. पलीकडे एक ट्रकवाला व्हिडिओ कॉलवर बाळाला हसवत होता. सबंध पारोळ्यात फोन बंद होते ते फक्त खास ग्राहकांचे.

मी प्रयत्न करत राहिले. पुन्हा. पुन्हा. थोड्या वेळाने करा म्हटलं होतं, पण थोडा वेळ कोणाला होता?

शेवटी हॉटेलवाल्याचा फोन मागून घेतला. नानांचा नंबर एंगेज. काकांना लावला तर त्यांनी कापला. अनोळखी नंबर म्हणजे बँकेच्या नावाने लुबाडणारे, हे काकांचं पक्कं मत. मग माझ्या मायला लावला, दोंडाईच्याला. तिच्याकडे बटणांचा जुना फोन, तिला कोणी यादीत घातलं नव्हतं, म्हणून तो लागला. ती म्हणाली, अगं, ते दहालाच पोचले, हॉटेलात बसले आहेत, तसा फोन आला होता, आता मात्र मलाही एंगेजच लागतो.

मी हॉटेलात नजर फिरवली. ट्रकवाला होता. दोन म्हाताऱ्या होत्या. एक कुत्रं होतं.

आबांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा बदलला. हॉटेलात नाहीत आणि हॉटेलात बसले म्हणतात. म्हणजे व्याही अजून अंघोळीला बसले असतील, आबा म्हणाले; वाटेत आहे, पोचलोच, हे सगळं लोक घरातूनच सांगतात. त्यांना व्यापाऱ्यांचा दांडगा अनुभव.

मी हॉटेलवाल्याला विचारलं, इथे आणखी हॉटेल आहे का? तो गल्ल्याकडे बघत म्हणाला, "नाही ताई. हॉटेल म्हणावं असं एकच."

हा माणूस खोटं बोलला नाही, हे मला पुढे कळलं. रस्त्याच्या पलीकडे, दुभाजकावरच्या कण्हेरीच्या गच्च झुडपांआड, दुसरं एक हॉटेल होतं. ते त्याच्या सख्ख्या भावाचं. बोलणं बंद. त्याला तो हॉटेल मानत नव्हता, एवढंच.

दोंडाईच्याकडून येणाऱ्याला डाव्या हाताला ते हॉटेल लागतं. सावद्याकडून येणाऱ्याला हे. नकाशावर बघताना मी फक्त अंतर मोजलं होतं. रस्त्याला दोन बाजू असतात हे नकाशात असतं, पण इंजिनिअर असलं की दिसत नाही.

सव्वाअकरा वाजले. आबा घड्याळाकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. ते गाडीच्या चाकांत हवा आहे का, ते बघत होते.

मग माझं डोकं एकदाचं चाललं. जागा भरली, म्हणजे या टॉवरखाली माझ्या यादीतले आठ जण आहेत. पारोळ्यात यादीतलं कोणीच राहत नाही. मग हे आठ आले कुठून? आणि नाना आपले गुडघे घेऊन एकटे कसे येतील? पहिली आखाजी, पहिलं मूळ, पहिलं बोलावणं. काका आले असणार. मामा आले असणार. जीप करून गल्ली आली असणार. ती आठही माणसं इथेच कुठे तरी बसून, आठही फोनवरून, आठही जागा अडवून, एकसारखी मलाच फोन लावत असणार! लाग ना बाप्पा, म्हणून.

लग्न आहे का, असं मी साहेबांना विचारलं होतं. लग्न नव्हतं. लग्नाची थकबाकी होती.

आता एकच वाट होती, आणि ती मला माहीत होती कारण मीच ठेवली होती. दोन राखीव जागा. आबा आले तेव्हा बोलत होते, म्हणून त्यांना आत घेतलं. फोन ठेवला आणि दार बंद झालं. म्हणजे आपण या टॉवरच्या हद्दीबाहेर जायचं, एरंडोलच्या बाजूला पाच-सहा किलोमीटर. तिथे नानांना फोन लावायचा आणि बोलत बोलत आत यायचं.

हे मी आबांना सांगितलं. तुम्हीच विचार करा कसं ऐकू आलं असेल. "आबा, फोन लागण्यासाठी आपल्याला थोडं मागे जावं लागेल, आणि मग बोलत बोलत पुढे यावं लागेल."

आबांनी निखिलकडे पाहिलं. निखिलने माझ्याकडे पाहिलं. पाच महिन्यांत मी दुसऱ्यांदा बोलत होते, आणि पहिल्यांदा बोलले त्याचा परिणाम सगळे हॉटेलात बसून भोगत होते.

"माहेराला निघालेली पोर माघारी न्यायची?" आबा म्हणाले. मग गाडीचं दार उघडत, "चल. दहा मिन्टं. मंग मात्र मले काही सांगू नको."

निखिलने दुभाजकातल्या फटीतून गाडी वळवली आणि एरंडोलच्या दिशेने पिटाळली. आता हे नीट डोळ्यांपुढे आणा. एरंडोलकडे जायचा रस्ता म्हणजे पलीकडची बाजू. पलीकडच्या बाजूला भावाचं हॉटेल. हॉटेलाच्या दारात, बाजेवर, दीड तास वाट बघून लाल झालेले नाना. आणि त्यांच्या नाकासमोरून व्याह्यांची गाडी सुसाट माघारी जाते, आत त्यांची लेक खाली मान घालून बसलेली.

मान खाली होती कारण मी फोनकडे बघत होते. पण बापाला काय दिसणार?

नानांनी आयुष्यात कशाचाच इतक्या वेगाने निर्णय घेतला नसेल. आठही जण जीपमध्ये, अर्धे चहाचे कप हातात घेऊन, आणि जीप आमच्या मागे.

इकडे पाच किलोमीटरवर माझा फोन जिवंत झाला. निखिलने पुढची फट बघून गाडी पुन्हा पारोळ्याकडे वळवली. मी नानांना लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"कोठे ली चालनात मनी पोरले?" नाना ओरडले. नाव न बघताच उचलल्यामुळे त्यांना वाटलं फोन आबांचा आहे.

"नाना, मी बोलतेय. आम्ही परत फिरलो."

"ते मी दखं! मांगेच शे मी तुमना!"

"नाही, म्हणजे परत फिरून परत फिरलो. पारोळ्याकडे."

पुढची दोन मिनिटं नाना जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की आवाज अप्रतिम होता. आमची गाडी पारोळ्याच्या टॉवरखाली शिरली, राखीव जागेने मला अलगद आत घेतलं. त्यांची जीप त्याच क्षणी पारोळ्याच्या हद्दीतून बाहेर पडली, पुढच्या टॉवरने त्यांना झेललं. एक अक्षर गळलं नाही, कुठे खरखर नाही. इतक्या स्वच्छ आवाजात मी जन्मात कधी बोलणी खाल्ली नव्हती.

तेवढ्यात आबा पुढे बोट दाखवून म्हणाले, ती जीप बघ. कण्हेरीच्या पलीकडून एक जीप उलट दिशेने गेली. खिडकीतून मामांचं डोकं, कपासकट.

"व्याही तर सावद्याले चालले," आबा म्हणाले. त्यांचा रंग उडाला. रागावून थेट घरी, सासूबाईंकडे जाब विचारायला निघाले, असं त्यांना वाटलं. घरी त्या वेळी नणंद येणार. "फिरव गाडी."

"नाना, तुम्ही फिरू नका!" मी फोनवर म्हटलं.

नाना फिरले होते.

निखिल म्हणतो, तीन वेळा. मला दोनच आठवतात. पण दर खेपेला आम्ही कण्हेरीच्या एका बाजूने आणि माहेर दुसऱ्या बाजूने, एकमेकांना हात करत. दुसऱ्या खेपेला काकांनी मला ओळखून आनंदाने टोपी हलवली. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं वाटतं.

शेवटी मी ओरडले. हो, मी. "सगळे जिथे आहात तिथे थांबा! आबा, तुम्हीपण!"

दोन्ही गाड्या थांबल्या. समोरासमोर. मध्ये दुभाजक, त्यावर इथे कमरेएवढी कण्हेर, आणि दोन्ही बाजूंना फट नाही. बाराला पाच कमी. ऊन असं की डांबर चपलेला धरून ठेवत होतं.

आबा खाली उतरले. घड्याळाकडे बघितलं. आता ते माघारी म्हणणार, असं मला वाटलं. त्या क्षणी मला कळलं की स्लाइस, चाचणी, साहेब, काही काही नको होतं मला. मला फक्त ती कण्हेर ओलांडायची होती.

आबा म्हणाले, "उचल पदर. चल."

निखिल गाडीतला टॉवेल फडकवत रस्त्यात उभा राहिला, गाड्या थांबवायला. आबांनी माझा हात धरून मला दुभाजकावर चढवलं. पलीकडून नाना, गुडघे विसरून, चढत होते. मधोमध कण्हेरीत मी अडकले, साडीला फांदी, केसांत फूल. नानांनी दुसरा हात पुढे केला. मी आबांचा हात सोडायला लागले, तर आबांनी घट्ट धरला.

"धरलं का?" त्यांनी नानांना विचारलं.

नानांनी माझं मनगट पकडलं. "धरी लिधं. सोडा आते."

"पक्कं?"

"पक्कं."

मग आबांनी सोडलं. नवीन टॉवरने धरल्याची पावती दिल्याशिवाय जुन्याने सोडायचं नाही, हा नियम मला ऑफिसात सहा महिने शिकवला होता, चित्रं काढून. या दोघांना कोणी शिकवला कोण जाणे.

मग टॉवेल-टोप्या कण्हेरीवरून पलीकडे गेल्या. एक कमी पडली, कारण मुऱ्हाळी आठ येतील हे सासूबाईंच्याही हिशेबात नव्हतं. निखिलने हातातला फडकावायचा टॉवेल दिला. आबा दुभाजकावरून ओरडून सांगत होते, आखाजी करून सावकाश पाठवा, आणि लगेच गाडीत बसून आपल्या लेकीसाठी सुटले. पोचले वेळेत. नणंदेची बस उशिरा आली होती.

आणि मी दोंडाईच्याला. आखाजी झाली, झोका झाला, सांजोऱ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी मी कडुनिंबाच्या झोक्यावर बसले असताना साहेबांचा फोन आला. साहेब फार खूश होते. पारोळ्याचा टॉवर पूर्ण भरला, तरी नियम एक इंचही हलला नाही, म्हणाले. राखीव जागा, हॅन्डओव्हर, सगळं चोख. वरपर्यंत कौतुक झालंय.

"फक्त एक नंबर विचित्र आहे," ते म्हणाले. रेकॉर्डमध्ये नावं नसतात, नुसते आकडे असतात. "एक ग्राहक पाऊण तास दारावर डोकं आपटत होता. नाकारलं की पुन्हा, नाकारलं की पुन्हा. थोड्या वेळाने प्रयत्न करा असं स्पष्ट लिहिलंय, तरी दर पाच सेकंदांनी. आणि नंतर तर मुद्दाम टॉवर बदलून, बोलत बोलत मागच्या दाराने राखीव जागेत शिरला. दोन-तीनदा! नियमांची पुरती माहिती असलेला माणूस दिसतो. तुमची यादी आहे, ओळखता का?"

"तोंडओळख आहे, सर."

"काढून टाका त्याला. अशी माणसं चाचणीत नकोत."

मी झोका पायाने थांबवला, लॅपटॉप आणवला आणि स्वतःच्या हाताने स्वतःला यादीतून काढलं. कारण लिहिल्याशिवाय नाव निघत नाही, हाही नियम माझाच. थोडा विचार केला आणि लिहिलं: ग्राहक समजूतदार नाही.